रोध मीटरवर थेट मोजावा की व्होल्टेज-करंटवरून काढावा?

मल्टिमीटरवर ओहमची रेंज असताना व्होल्टेज भागिले करंट करत बसायचं कशाला, ही शंका रास्त आहे.

कष्ट पाहिले तर थेट मोजणं सोपं. पुरवठा बंद, भाग सर्किटमधून सुटा, दोन प्रोब टेकवले की झालं. करंटसाठी मात्र सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. नंतर लाल प्रोब करंटच्याच सॉकेटमध्ये विसरलात, तर व्होल्टेज मोजायला जाताच शॉर्ट!

पण रोध कोणत्या अवस्थेतला हवाय? १२ व्होल्ट, २१ वॅटचा फिलामेंटचा दिवा घ्या. पेटल्यावर तो १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे ६.९ ओहम. गार दिव्याला मीटर लावा, आकडा त्याच्या एक दशांशाच्या आसपास दिसेल, आणि त्यातही प्रोबच्या तारांची भर. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच.

पॉवरसाठी ओहमची रेंज एकटी कामाची नाही. १२ × १.७५ = २१ वॅट हा गुणाकारच हवा. एसी मोटरला मात्र पॉवर फॅक्टरनेही (व्होल्टेज × करंटपैकी खरी पॉवर किती, ते सांगणारा आकडा) गुणा.

सुटा रेझिस्टर, फ्यूज किंवा तुटलेली तार तपासायची तर ओहमची रेंज पुरते. तापणारी वस्तू किंवा एक ओहमच्या आतला रोध असेल, तर गणितच करा.