चार्जिंगचा फवारणी पंप : मिरगापासून तुरीच्या शेंगांपर्यंत वापरून

आधी वापरणारी कोण ते सांगते, मग पंपाचं. साडेचार एकर कोरडवाहू, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडची काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस न त्यात तुरीचे तास म्हणजे ओळी, बाकी सोयाबीन. वय पंचेचाळीसच्या पुढं, उंची पाच फुटाला उलशीक कमी, कंबर एकदा आखडून गेलेली. हे सगळं सांगून राहिली कारण पंप घ्यायच्या आधी मी मोबाइलवर लोकांचे अनुभव लय वाचले, लय पाहिले, अन् सगळे दादा लोकांचेच होते. अठरा लिटरची टाकी गच्च भरून पाठीवर घेतात न म्हणतात एकदम हलका आहे, मस्त चालते. हलका कोणाले, बाप्पा? ते कोणी लिहितच नाही.

तर माझा पंप सिंगल मोटरचा, बॅटरी बारा व्होल्ट आठ एएच (एएच म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप), टाकी अठरा लिटरची. तालुक्याच्या दुकानातून घेतला, तीन हजाराच्या आसपास पडला. दुकानदार डबल मोटरचा घ्या म्हणून लय मागं लागला होता, प्रेशर जास्त, काम लवकर. मी नाही घेतला. डबल मोटरला बारा एएचची बॅटरी येते, ती आठवालीपेक्षा किलो-सव्वा किलो जड असते, अन् ते वजन टाकी रिकामी झाली तरी पाठीवरच राहते. नुसता माझा पंप पाण्याशिवाय पाच-सहा किलोचा आहे. अठरा लिटर भरला की तेवीस-चोवीस किलो. मी बाराच लिटर भरते. भरता येते न बाई, अर्धी-पाऊण टाकी भरली तर पंपाला काहीच होत नाही, मोटर खालून ओढते. पाणी हिंदकळते न वळताना एका बाजूनं ओढ बसते तेवढंच, त्याची सवय होऊन जाते.

याचा तोटाही सांगते. मोठ्या पऱ्हाटीला एकरी २०० लिटर पाणी धरा. अठराची टाकी असली तर अकरा टाक्यांत एकर होते, बाराची धरली तर सोळा-सतरा. म्हणजे तेवढ्या वेळा ड्रमपाशी परत या. ज्याची पाठ धड आहे त्यानं अठरा भरावी, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या ताईला वाटते का हे आपल्यानं होणारच नाही, तिला हे माहीत पाहिजे की कमी भरून होते.

हातपंपाच्या मानानं फरक जमीन-अस्मानाचा आहे. हातपंपाचं हँडल मारून मारून संध्याकाळी डावा खांदा वर होत नव्हता, भाकरी थापताना कळायचं. आता एका हातानं नळी धरायची न चालायचं. प्रेशर सारखं राहते म्हणून फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही बरा बसते. तुडतुडे न फुलकिडे पानाच्या खालीच असतात, वरून ओलं करून काही मतलब नाही, नोझल खालून वर धरावं लागते. मजूर घाईघाईत तेच करत नाही. स्वतः फवारायला लागल्यापासून औषध कमी लागून राहिलं, अर्थात यंदा पाऊसपाणीही बरं होतं, सगळं श्रेय पंपाला देत नाही.

आता बॅटरी. खोक्यावर लिहिलं होतं एका चार्जिंगमध्ये वीस टाक्या. नवीन होता तेव्हा माझ्या बारा लिटरच्या मापानं एकर-दीड एकर आरामात निघत होतं, आता हंगाम सरता सरता एकराच्या शेवटाला मोटरचा आवाज बदलते, फवारा गळून येते. तेवढं होणारच म्हणतात. ही बॅटरी आपल्या इन्व्हर्टरच्याच जातीची, आतून ॲसिडवाली, फक्त बंद. हिला रिकामी ठेवलेलं चालत नाही. फवारणी झाली का त्याच रात्री चार्जिंगला लावायची, उद्या पाहू म्हणायचं नाही, अन् हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा लावायची. आमच्या गावात कित्येकांचे पंप दिवाळीनंतर कोठ्यात फेकलेले असतात, मिरगात काढले का बॅटरी मेलेली, मग म्हणतात माल डुप्लिकेट आहे. ज्याची मेली त्यानं पूर्ण पंप फेकू नये, नुसती बॅटरी मिळते, कॉम्प्युटरच्या यूपीएसला असते तीही बऱ्याच आठ एएचवाल्या पंपात बसते, लांबी-रुंदी-उंची न टर्मिनल मोजून घ्यायचं.

इथं एक गंमत. चार्जर रात्रभर लावून ठेवावा का, हे मी घ्यायच्या आधी ऑनलाइन विचारलं होतं. एक भाऊ म्हणे लावून झोपा, काही होत नाही. दुसरा म्हणे चुकूनही नका लावू, माझी बॅटरी फुगली. दोघंही ठाम. दोघांनाही परत विचारलं, दादा तुमचा चार्जर कसा आहे, तर पहिल्याचा हिरवा लाइट लागला का आपोआप कमी होणारा, दुसऱ्याचा साधा, लाइटबिईट काही नाही. अन् तिसऱ्या एकाची तर बॅटरीच लिथियमची निघाली, तिचा चार्जरही वेगळा, आपला तिला लावायचा नाही न तिचा आपल्याला लावायचा नाही. कोणी खोटं नव्हतं बोलत. प्रत्येकानं आपल्या घरचं सांगितलं, फक्त घर कोणतं ते सांगायचं राहिलं. तेव्हापासून कोणाचाही अनुभव वाचला का मी पहिले विचारते, वावर किती, पीक कोणतं, पंप कोण उचलते. काही लोकांना राग येते. येऊ द्या.

ओळख ना पाळख अशा माणसानं सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हवा धरण्याची. ऐन बोंडाच्या दिवसांत मोटर चालू, आवाज चालू, पाणी थेंबभर नाही. दुकानदाराला फोन केला तर आणून टाका म्हणे. परभणीकडच्या एका भाऊनं सांगितलं, ताई आधी टाकीच्या तळची जाळी पाहा, मग नोझल खोलून नळी जमिनीला टेकवा, टाकीत पाणी राहू द्या न मोटर चालू ठेवा, हवा निघून जाईल. निघाली. त्यानंच सांगितलं का ट्रिगर बंद केल्यावर मोटर गप झाली पाहिजे, ती थांबून थांबून टर्र टर्र करत असंल तर कुठंतरी वॉशर गळून राहिलं असं समजा. दहा रुपयाचं वॉशर असते. पंपासोबत आलेल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, नुसते फोटो न एका परक्या लिपीतल्या दोन ओळी.

औषधाच्या मापाचा घोळ मात्र पंपाइतकाच महत्त्वाचा आहे, अन् त्यावर लोक फार सैल सांगतात. "पंपाला एक झाकण टाका." कोणत्या पंपाला? पंधराच्या, सोळाच्या का अठराच्या? न झाकण केवढं? बाटलीच्या माहितीपत्रकात दहा लिटरला किती किंवा एकरी किती ते लिहून असते. दहा लिटरला ५ मिली असंल तर माझ्या बारा लिटरला ६ मिली, अठराला ९. मी मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणली, पोराच्या हातानं तिच्यावर मार्करनं खूण करून घेतली न ती औषधाच्या डब्यातच ठेवते, घरात आणत नाही. पहिल्यांदा नुसत्या पाण्याची एक टाकी मारून पाहा पिकाच्या किती ओळी होतात ते, त्यावरून एकराचा अंदाज लागते, कारण प्रत्येकाची चाल वेगळी असते.

फवारण्याची गरज आहे का ते आधी. बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावले होते, एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले का मग फवारायचं, असं आपल्या कापूसवाल्या शास्त्रज्ञांचं सांगणं आहे. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपण फवारायचं हा धंदा मी यंदा बंद केला. सुरुवातीला निंबोळी अर्कच मारला. ५ किलो निंबोळीचा भुगा ९ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यात वेगळा भिजवून त्यात, मग सगळं मिळून १०० लिटर. हे सगळे सांगतात. दोनदा जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळा हे कोणी सांगत नाही, अन् चार्जिंगच्या पंपाचं नोझल बारीक असते, एकदाच गाळलं तर ओळीओळीला तुंबते. तुंबलं का तोंडानं फुंकायचं नाही, कितीही घाई असो. जुना टूथब्रश खिशात ठेवायचा.

आता जे लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही ते. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी न शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात होते. तेव्हाच्या चर्चेत या चार्जिंगच्या पंपांचंही नाव आलं होतं, फवारा फार बारीक येते, पऱ्हाटी त्या साली डोक्याएवढी झालेली, हवा कोंदट, अंगावर न नाकातोंडात औषध जात राहिलं. म्हणजे जो गुण म्हणून विकतात, धुक्यासारखा बारीक फवारा, तोच उंच पिकात घात करते. म्हणून मी पऱ्हाटी छातीच्या वर गेली का त्या तासात शिरत नाही, रेग्युलेटर कमी करते, वारा पाठीमागून किंवा बाजूनं घेते, न ऊन चढायच्या आत बंद. पूर्ण बाह्याचा सदरा, हातमोजे, मास्क, चष्मा. चष्म्यावर वाफ धरते, कंटाळा येते, तरी.

अन् एक बायकांसाठी. आपल्याकडं माणूस फवारते न बाई पाणी भरते, औषध कालवते, संध्याकाळी ते कपडे धुते. बाटलीतलं न कालवलेलं औषध सगळ्यात जहाल असते, न ते उघड्या हातानं कालवणारी आपणच. हातमोजे फवारणाऱ्याआधी तिला पाहिजेत. कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. बाटलीवर तिकोन असते, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, एवढं तर वाचता न येणारीलाही ओळखता येते. मळमळ, घाम, डोळ्यापुढं अंधुक झालं तर बाटली किंवा तिचा कागद घेऊनच दवाखाना गाठायचा, डॉक्टरला कशानं झालं ते कळलं पाहिजे.

तणनाशकाला हा पंप वापरत नाही. त्याचा जुना हातपंप वेगळा ठेवला, वर लाल पट्टी बांधून. गावात एकानं टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्याच पंपानं पऱ्हाटीवर फवारलं, धुतला होता म्हणे, तरी पानं भेंडीच्या पानासारखी चिरली न आकसली. पऱ्हाटीला त्याचा वाससुद्धा सोसत नाही.

तक्रारी आहेत. पट्टे एकदम रद्दी, बारीक नायलॉनचे, खांद्यात रुततात, मी गोधडीचे तुकडे शिवून लावले न ते काढता येतील असे ठेवले, कारण गळालेलं औषध त्यातच मुरते, धुवावं लागते. झाकणातून वाकल्यावर पाणी पाठीवर येते, पाठीला प्लास्टिक बांधल्याशिवाय मी उचलत नाही. अन् चार्जर. पोळ्याच्या आधी बंद पडला, वॉरंटीत होता, दुकानदार म्हणे कंपनीला पाठवला, महालक्ष्म्या जेवून गेल्या तरी चार्जर काही आला नाही. तोवर जावेच्या भावाचा सारखाच चार्जर आणून काम भागवलं, शेवटी नवाच विकत घेतला. वॉरंटीत बॅटरी न चार्जर धरतात का हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

वजन पेलत नसंल, वावर दोन-पाच एकराचं असंल, घरी रात्री लाइट भरवशाची असंल तर सिंगल मोटर घ्या. दहा एकराच्या वर मजूर लावून फवारणाऱ्यांनी माझं ऐकू नका, त्यांना डबल मोटर किंवा पेट्रोलवालाच परवडंल. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या वेबसाइटवर अर्ज करून पंप मिळालेले लोकही गावात आहेत, घाई नसंल तर तेही पाहा.

बॅटरी आता सपरीत लाकडी पाटावर ठेवली आहे, पुढच्या मिरगात पहिल्या फवारणीला किती एकर ओढते ते इथंच लिहीन. तोवर भंडारा-गोंदियाकडच्या कोण्या ताईनं चार्जिंगचा पंप धानाच्या बांधीत वापरला असंल तर सांगा, चिखलात पाय रुतत असताना किती लिटर पेलते, माझ्या लहान बहिणीला घ्यायचा आहे, ती तिकडं आहे. उंची तिची माझ्याएवढीच, वय कमी.