अमेरिकन अ‍ॅन्सेस्टर्स: प्युरिटन पूर्वजासाठी वर्गणी भरावी का?

१८४५ साली स्थापन झालेल्या बोस्टनच्या वंशावळी संस्थेचं हे संकेतस्थळ. प्युरिटन म्हणजे धर्मासाठी इंग्लंड सोडून आलेले कडवे प्रोटेस्टंट. असा पूर्वज १६३५पर्यंत न्यू इंग्लंडला (अमेरिकेच्या ईशान्य भागात) पोचला असेल तर बेलाशक पैसे भरा. या स्थलांतरितांवरच्या ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्पाच्या टिपणांत मूळ गाव, जमीन, मृत्युपत्र, मुलं असं जे सापडलं ते पुराव्यासकट मिळतं. आधी ‘फ्रीमन’ (मतदानाचा हक्क असलेला रहिवासी) झाल्याची तारीख बघा. १६३१पासून तीसेक वर्षं मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत चर्चच्या सदस्यालाच तो हक्क मिळे, म्हणजे पुढे चर्चचं दप्तर चाळायचं.

गोंधळ होतो तो तारखांत. १७५२पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि मार्च हा पहिला महिना. ‘बारावा महिना, १६४१’ म्हणजे आपला फेब्रुवारी १६४२. हे न बदलता आकडे भरले की एप्रिल १६४१मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं त्या बाराव्या महिन्यातलं मूल लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं! मृत्युपत्रातला ‘सन-इन-लॉ’ही जपून वाचा, तो सावत्र मुलगा असू शकतो.

बायकांची माहेरची नावं मात्र पुष्कळदा इथेही सापडत नाहीत. १६३५नंतर आलेल्या बहुतेकांची अशी टिपणं नाहीत. त्यांच्यासाठी आधी फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकटात गावनोंदी बघाव्यात. तिथले लोकांनी जोडलेले वंशवृक्ष पुराव्याशिवाय उचलू नयेत.