गिझर बिघडला: कंपनीचा माणूस बोलवावा की गावातला मेकॅनिक?

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा एक आकडी होतो आणि नेमके त्याच दिवसांत गिझर बंद पडायला लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतलंच पाणी चटके देतं, त्यामुळे गिझर कित्येक महिने नुसता भिंतीवर टांगलेला असतो. थंडी पडली की तो एकदम रोज तास-दोन तास चालायला लागतो. त्यात बोअरचं जड पाणी, आणि रब्बीचे पंप सुरू झाले की गावाकडे पडणारं व्होल्टेज. मग घरात दोन मतं होतात. एक म्हणतो कंपनीला फोन लाव, दुसरा म्हणतो चौकातल्या मेकॅनिकला बोलव, अर्ध्या पैशात करून देईल.

माझं म्हणणं असं की आधी बिघाड ओळखा आणि मग माणूस ठरवा. काही कामं कंपनीच्याच माणसाने करावीत, काही कामांत गावातला जाणता मेकॅनिक सरस ठरतो, आणि एक काम या दोघांचंही नाही.

सुरुवात घड्याळापासून करा. 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर 20 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.7 युनिट वीज घेतो, म्हणजे 21-22 मिनिटं. 25 लिटरला 35 मिनिटं धरा. पण हा हिशेब 230 व्होल्टचा आहे. व्होल्टेज 180 वर आलं की तीच कॉईल जेमतेम 1200 वॅटने चालते आणि 15 लिटरलाच 35 मिनिटं लागतात. म्हणून ‘पाणी फार उशिरा तापतं’ एवढीच तक्रार असेल तर गिझर चालू असताना व्होल्टेज किती येतं ते मीटरवर बघा. ते कमी असेल तर गिझर ठणठणीत आहे. दोघांपैकी कोणालाच पैसे देऊ नका, तक्रार वीज कार्यालयात करा.

दुसरी खूण दिव्याची. बहुतेक गिझरमध्ये तापवण्याचा दिवा लागलेला असूनही पाणी थंडच राहिलं, तर कॉईल गेलेली असते. दिवाच लागत नसेल तर आधी मेन बंद करून प्लग काढून बघा. 2000 वॅटला जवळपास 9 अँपिअर लागतात. सॉकेट ढिलं असेल तर पिना काळ्या पडतात, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. हे काम गावातला मेकॅनिक हातोहात करतो, फक्त नवा प्लग-सॉकेट 16 अँपिअरचाच घ्या. प्लग चांगला असेल आणि दिवा तरीही लागत नसेल, तर थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) गेलाय किंवा कटआउट (पाणी बेसुमार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग) पडलाय.

दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच राहतं, तेव्हा संशय क्षारावर घ्यावा. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं. त्यावर चालणारा गिझर आणि बोअरवर चालणारा गिझर खोलून शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांनी दिसतो. बोअरवरच्या गिझरच्या खालच्या प्लेटचे नट सोडले की आधी गढूळ पाणी येतं, मग मूठमूठभर पांढऱ्या खपल्या पडतात. कॉईलवर इतका जाड थर असतो की आतली नळी दिसतच नाही. थर्मोस्टॅट ज्या बारीक नळीत बसतो तिच्यावरही तसाच थर, त्यामुळे त्याला पाण्याचं खरं तापमान कळत नाही. क्षाराने विजेचं बिल खूप वाढतं असं सांगतात, ते मला पटत नाही. कॉईल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता पाण्यातच जाणार. खरं नुकसान वेगळं आहे. थराखाली कॉईल बेसुमार तापते आणि एक दिवस तडकते.

ही साफसफाई दोघंही करतात, आणि इथे गावातल्या माणसाकडे माझा कल आहे. आपल्याकडे शेतीपंपांची मोटार वायंडिंग करणारी दुकानं गावोगावी आहेत. तिथल्या चांगल्या कारागिराचा हात मीटरवर बसलेला असतो आणि इथलं पाणी त्याला ठाऊक असतं. कंपनीचा माणूस मात्र पुष्कळदा साफ करण्याऐवजी सुटा भाग बदलण्याकडेच वळतो. एकच काळजी घ्यायची. रावेर-यावलचा केळीवाला ठिबकच्या नळ्यांत ॲसिड सोडून क्षार काढतो, म्हणून कोणी गिझरच्या टाकीतही बाथरूम धुण्याचं ॲसिड ओतायला निघालं तर तिथेच थांबवा. ठिबक प्लास्टिकची आहे, टाकी धातूची. कॉईल बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी आणि टाकी साध्या पाण्याने धुऊन गाळ काढावा.

काच-लेपाची टाकी असेल तर आत मॅग्नेशिअमचा ॲनोड रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. गिझर उघडलाच आहे तर तो बघायला सांगा, जड पाण्यात लवकर संपतो. नेमक्या मापाचा रॉड गावात सहसा मिळत नाही, त्यासाठी कंपनीचंच दार ठोठवावं लागतं.

आता कंपनीची बाजू. वॉरंटी असेल तर दुसऱ्या कोणाला स्क्रूही फिरवू देऊ नका. बाहेरच्या माणसाने गिझर उघडला की कंपनी सहसा हात वर करते. टाकीची वॉरंटी बहुधा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, म्हणून कार्ड शोधल्याशिवाय ‘वॉरंटी संपली’ असं धरून चालू नका. अडचण वेळेची आहे. कंपनीचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघतो. जळगाव, धुळ्यात तो लवकर पोचेल, पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घराला चार-चार दिवस वाट बघावी लागू शकते. वॉरंटी संपलेली असेल तर फोनवरच विचारा: भेटीचे पैसे वेगळे का, सुट्या भागाला वॉरंटी किती, जुना भाग परत देणार का.

आणि गावातल्या मेकॅनिकचा सगळ्यात मोठा धोका एका वाक्यात असतो: ‘भाऊ, कटआउट सारखा पडतोय, डायरेक्ट करून देतो.’ असं म्हणणाऱ्याला लगेच वाटेला लावा. थर्मोस्टॅट चिकटला तर वीज तोडणारी शेवटची वस्तू म्हणजे हा कटआउट. तो काढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने जाम असला, तर पाणी उकळत राहतं, दाब वाढत जातो आणि टाकी फुटू शकते. कटआउट वारंवार पडतो तेव्हा थर्मोस्टॅट बदलायचा असतो. तो मूळ मापाचा, आयएसआय खुणेचा मिळत नसेल, तर या एका कामापुरती कंपनी परवडली.

पाणी गळत असेल तर कुठून गळतंय यावर सगळं आहे. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं हा बिघाड नाही, तापलेलं पाणी फुगतं. गिझर बंद असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकलाय, व्हॉल्व्ह बदलून घ्या. प्लेटच्या कडेने गळत असेल तर गॅस्केट गेलंय. ही दोन्ही कामं गावात होतात. पण बाहेरच्या कवचातून गंजाचं तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकीच फुटलीय. तिला वेल्डिंग, सील, लांबी काही लावू नका. वॉरंटी असेल तर कंपनी, नसेल तर नवा गिझर. इतर दुरुस्त्यांचा मिळून खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला आणि गिझर सात-आठ वर्षांचा असला, तरीही मी नवाच घ्यायला सांगेन.

गॅस गिझरच्या बाबतीत मी दोन मतं ठेवत नाही, तो कंपनीच्याच माणसाकडून दुरुस्त करून घ्यावा. ज्योत पिवळी दिसायला लागली की वापर त्याच दिवशी बंद करा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल तर दुरुस्तीबरोबर तो बाहेर हलवायलाही सांगा.

राहिलं ते तिसऱ्या माणसाचं काम. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा नळाला हात न लावता आधी मेन बंद करा. कॉईल तडकलेली असेल तर ती मेकॅनिक बदलेल, पण झटका तुमच्यापर्यंत पोचला याचा अर्थ घराचं अर्थिंग कामाचं नाही. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायरच जोडलेली नसते. हे ना कंपनीचा माणूस तपासत बसतो ना गिझरवाला. त्यासाठी परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग मोजून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण त्याच्यासमोरच दाबून बघा, वीज तत्काळ तुटली पाहिजे. गिझर त्यानंतरच चालू करा.