माचू पिक्चूला पायी जायचे तर कोणत्या वाटेने? इंका ट्रेल, साल्कांताय आणि चोकेकिराव

पेरूतील माचू पिक्चू या इंकांच्या प्राचीन नगरीला पायी जायचे असे ठरवले की पहिला प्रश्न वाटेचा येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण परवान्यावर सोडून मोकळे होतात: मिळाला तर इंका ट्रेल, नाहीतर साल्कांताय. हा हिशेब सोयीचा आहे, पण आपण तिथे नेमके काय पाहायला चाललो आहोत हा प्रश्न त्यात बाजूला पडतो. इंका ट्रेल ही इंकांनी पंधराव्या शतकात बांधलेली वाट असून तिच्यावर चार दिवस अवशेषच भेटत राहतात. साल्कांताय ही बर्फाच्या एका शिखराजवळची खिंड ओलांडून कॉफीच्या मळ्यांपर्यंत उतरणारी डोंगरवाट आहे, आणि तिच्यावर मुख्य अवशेष अगदी शेवटी येतात. चोकेकिरावची वाट माचू पिक्चूला जातच नाही. ती तशाच तोलामोलाच्या, पण फार थोडे लोक पोहोचणाऱ्या दुसऱ्या इंका वसाहतीला जाते.

इंका ट्रेलची नेहमीची चाल चार दिवस व तीन रात्रींची आहे आणि अंतर सुमारे ४२ किलोमीटर भरते. सुरुवात रेल्वेमार्गावरील ‘किलोमीटर ८२’ या ठिकाणी होते. पहिल्या दिवशी पाताल्याक्ताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे अवशेष वरून दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी वायल्याबांबापासून (सुमारे ३,००० मीटर) वार्मिवान्युस्का खिंडीपर्यंत (४,२१५ मीटर) एका दमात बाराशे मीटरची चढण चढावी लागते. सगळ्या ट्रेकमधला अवघड दिवस तो हाच. तिसऱ्या दिवशी मात्र या वाटेचे खरे वेगळेपण कळते. गोल आखणीचे रुंकुराकाय, कड्याच्या टोकावर बसवलेले आणि एकाच अरुंद जिन्याने वर जाता येणारे सायाकमार्का, खडकातून काढलेला छोटा बोगदा, ओळीने उतरत गेलेल्या दगडी कुंडांचे फुयुपातामार्का आणि डोंगराच्या कुशीत अर्धवर्तुळाकार वळलेल्या शेतपायऱ्यांचे विन्याय वायना ही सारी स्थळे एकाच दिवसाच्या चालीत येतात. त्यांच्यामधली वाटसुद्धा अवशेषच आहे. ओढ्यापाशी पाणी जायला दगडांत सोडलेली फट, उताराच्या बाजूला रचलेली आधारभिंत आणि पावलागणिक उंची बदलणाऱ्या पायऱ्या पाहत चालले की बांधणाऱ्यांनी पाण्याचा किती बारीक विचार केला होता ते दिसते. आपल्याकडे गडाच्या वाटेवर खोदीव पायऱ्या लागल्या की पावले आपोआप मंदावतात. ज्यांना ती सवय आहे, त्यांना या वाटेवर वेळ कमी पडेल.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास शेवटची चौकी उघडते, आणि तिच्यासमोर लोक तीन-साडेतीनपासून रांग लावतात. ही घाई मला अनाठायी वाटते, कारण इंती पुंकू या दगडी दरवाजातून माचू पिक्चू पहिल्यांदा दिसते त्या वेळी ते पुष्कळदा ढगांत असते, आणि उशिरा निघालेल्यांनाच कधीकधी ते स्वच्छ दिसते.

साल्कांतायची चाल साधारणपणे पाच दिवसांची असून अंतर ७० किलोमीटरच्या आसपास जाते. सोरायपांपा (सुमारे ३,९०० मीटर) येथून हिरव्यानिळ्या उमांताय तलावापर्यंत चढून यायचे, दुसऱ्या दिवशी ६,२७१ मीटर उंचीच्या साल्कांताय शिखराखालून सुमारे ४,६३० मीटरची खिंड ओलांडायची आणि त्याच दिवशी ढगांनी वेढलेल्या ओलसर जंगलापर्यंत उतरायचे, असा क्रम असतो. सकाळी हातमोजे घातलेला माणूस संध्याकाळी बाह्या सरसावून डास मारत बसतो. पुढचे दोन दिवस कॉफीच्या आणि फळांच्या मळ्यांतून जातात. लुकमाबांबाहून एका धारेवर चढले की ल्याक्तापाता नावाचे अवशेष लागतात, आणि तिथून दरीपलीकडचे माचू पिक्चू दुरून दिसते. त्यानंतर जलविद्युत केंद्रापासून माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास काल्येंतेस गावापर्यंत रेल्वेरुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटरची सपाट चाल राहते. दुसऱ्या दिवशी बसने किंवा पायऱ्यांनी वर जाऊन, सर्वसाधारण पर्यटकांच्याच दारातून आत शिरायचे. निसर्गाच्या दृष्टीने ही वाट इंका ट्रेलपेक्षा उजवी आहे असे मी निःसंकोच म्हणेन. अवशेषांच्या दृष्टीने ती जवळजवळ रिकामी आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी उंचीचा विचार सर्वांत आधी करावा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि लिमाहून विमानाने ज्या कुस्को शहरात आपण उतरतो ते ३,४०० मीटरवर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच आहे. सह्याद्रीत दर रविवारी चढणाऱ्याचे पाय आणि दम तयार असतात, पण विरळ हवेची सवय त्याने होत नाही. विमानातून उतरल्यावर कुस्कोत न थांबता त्याच दिवशी ओयांताइतांबोच्या खोऱ्यात (सुमारे २,८०० मीटर) उतरून पहिल्या दोन रात्री तिथे काढणे शहाणपणाचे आहे. दोन वाटांत इथे एक फरक आहे, जो केवळ खिंडींचे आकडे पाहून लक्षात येत नाही: इंका ट्रेलवर सर्वांत उंच मुक्काम ३,६०० मीटरच्या आसपास असतो, तर साल्कांतायवर पहिलीच रात्र ३,९०० मीटरवर काढावी लागते, आणि डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हा त्रास मुक्कामाच्या उंचीशी अधिक निगडित असतो. ज्यांनी हिमालयातील हम्प्ता पास (सुमारे ४,२७० मीटर) त्रासाशिवाय केला आहे त्यांना वार्मिवान्युस्काचा अंदाज येईल; साल्कांतायची खिंड हिमालयातल्याच रूपिन पासच्या (सुमारे ४,६५० मीटर) तोडीची आहे. याच्या उलट बाजूही आहे. साल्कांतायवर खेचरे आणि घोडी चालतात, त्यामुळे पाय मुरगळला किंवा दम लागला तर खिंडीपर्यंत घोड्यावर बसता येते. इंका ट्रेलवर ओझ्याच्या जनावरांना बंदी आहे आणि सारे सामान हमाल वाहतात. एकदा पहिली खिंड ओलांडली की पुढे चालत राहणे किंवा माणसांनी उचलून नेणे एवढेच पर्याय उरतात.

या हमालांविषयी एक गोष्ट निर्णय घेताना विचारात घ्यावी. एका हमालाने २० किलोपेक्षा अधिक ओझे वाहू नये असा नियम आहे आणि चौकीवर वजन तपासले जाते. अतिशय स्वस्त दर सांगणाऱ्या कंपनीला तो पैसा कुठून वाचतो, हे विचारून पाहावे. साधारणतः प्रवाशाला आपले सात किलोच्या आसपास सामान हमालाकडे देता येते, बाकीचे स्वतःच्या पाठीवर घ्यावे लागते.

इंका ट्रेलवर दिवसाला एकूण ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यांत वाटाडे, स्वयंपाकी व हमालही मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष ट्रेकर दोनशेच्या आसपास असतात. अधिकृत कंपनीशिवाय जाता येत नाही. परवाना पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करावे. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधी संपतात. खर्च बहुधा सहाशे ते नऊशे डॉलरच्या दरम्यान जातो आणि त्यात माचू पिक्चूचा प्रवेश धरलेला असतो. साल्कांताय बरीच स्वस्त पडते, स्वतंत्रपणेही करता येते आणि चालण्यासाठी तिला अशी दैनिक मर्यादा नाही. मात्र माचू पिक्चूचे तिकीट वेगळे काढावे लागते, त्यावर दिवस, वेळ व आत फिरण्याचा ठरावीक मार्ग छापलेला असतो, आणि हंगामात तेही लवकर संपते. ‘साल्कांतायला परवाना लागत नाही’ एवढेच ऐकून निवांत राहिलेले लोक इथेच अडकतात.

हंगाम दोन्ही वाटांना एकच आहे. मे ते सप्टेंबर कोरडे असते, रात्री गारठा शून्याखाली जाऊ शकतो, आणि आपल्याकडच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या काळात नेमकी बसते. जानेवारी-फेब्रुवारीत पावसाचा जोर असतो, आणि फेब्रुवारीत इंका ट्रेल दुरुस्तीसाठी दरवर्षी बंद ठेवतात. साल्कांताय तेव्हाही उघडी असते, पण फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच डोंगरातून आलेल्या चिखललोटाने सांता तेरेसाच्या खोऱ्यात जीवितहानी केली होती. त्या महिन्यात ती वाट धरू नये.

शाकाहारी मंडळींची दोन्हीकडे सोय होते, कारण बटाटा, किन्वा, मका आणि भाज्या मुबलक असतात. तरीही सूप कशाच्या पाण्यात केले आहे ते आधीच विचारून घ्यावे.

चोकेकिरावचा विचार गर्दीला कंटाळलेल्यांनी आणि गुडघ्यांची खात्री असलेल्यांनी करावा. काचोरा गावाजवळच्या कापुल्योक येथून (सुमारे २,९०० मीटर) आपुरिमाक नदीपर्यंत जवळपास चौदाशे मीटर उतरायचे, समोरच्या भिंतीवर तितकेच चढायचे आणि परतताना तेच उलट करायचे, अशी चार दिवसांची ही चाल आहे. उंची फारशी बाधत नाही, पण नदीकाठचा उकाडा आणि चावरे चिलटे माणसाला बेजार करतात. वर पोहोचल्यावर शेतपायऱ्यांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी रचलेल्या लामा या उंटाच्या कुळातील प्राण्याच्या आकृती पाहायला मिळतात. या नगरीचा मोठा भाग अजून झाडीखालीच आहे. माचू पिक्चू जगापुढे आणणारा अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम १९०९ मध्ये येथे आला होता, माचू पिक्चूला पोहोचण्याच्या दोन वर्षे आधी. पण पेरूला एकदाच जाणार असाल तर केवळ हीच वाट करून माचू पिक्चू टाळणे मला पटत नाही.

तेव्हा भारतातून जाणाऱ्याला, आणि विशेषतः हिमालयात दोन-चार खिंडी ओलांडलेल्याला, माझा सल्ला इंका ट्रेलचाच आहे. बर्फाची शिखरे आणि उंच खिंडी आपल्याला घरच्या जवळ आहेत. अवशेषांमधून अवशेषांकडे नेणारी ही बांधीव वाट मात्र तिथेच आहे. तारखा हातात नसतील, खर्च कमी ठेवायचा असेल, किंवा ज्यांनी हिमालय पाहिलेलाच नाही अशी मंडळी सोबत असतील, तर साल्कांताय घ्यावी आणि ती इंका ट्रेलची भरपाई म्हणून नव्हे, तर साल्कांताय म्हणूनच घ्यावी. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रवास जवळचा पडतो; भारतीय पासपोर्टवर त्या देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असल्यास पेरूचा वेगळा व्हिसा बहुधा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाचा चालू नियम पाहून घ्यावा. सोबत साठीपलीकडचे आईवडील असतील तर ‘किलोमीटर १०४’ पासूनची एका दिवसाची चाल निवडावी. तिलाही परवाना लागतो, पण तीत ४,००० मीटरची खिंड नाही, तंबूतला मुक्काम नाही, आणि विन्याय वायना व इंती पुंकू ही दोन्ही ठिकाणे वाटेतच लागतात.