कबरीचा दगड कोरून घ्यायचा असेल तर : जालन्यातलं एक दुकान

काम चोख, शुद्धलेखन मात्र आपण सांभाळायचं. काळा ग्रॅनाइट, अक्षरं सँडब्लास्टनं, म्हणजे वाळूचा जोरदार झोत मारून, जवळपास 3 मिमी खोल. एवढी खोली हवीच. उथळ कोरलं तर आपल्याकडच्या उन्हात सोनेरी रंग उडाला की अक्षर वाचता येत नाही.

बहुतेकजण बायबलमधलं योहान 11:25 घेतात : ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’. ‘पुनरुत्थान’मधला ‘रु’ ऱ्हस्व. दुकानाच्या नमुन्यात तो दीर्घ होता, आणि स्टेन्सिलच्या फॉन्टमध्ये ‘त्थ’ फुटून ‘त्‌थ’ झाला होता. कागदावर खऱ्या मापाची प्रिंट मागा, मोठ्यानं वाचा, मगच सही करा. ग्रॅनाइटवर खोडरबर नसतो. जागा असेल तर ‘मीच’ एका ओळीत मोठं घ्या. हे वाक्य येशूनं मार्थेला तिचा मेलेला भाऊ लाजर कबरेत असतानाच सांगितलं, त्याला जिवंत उठवल्यावर नव्हे. आशेचा सगळा भार त्या ‘मीच’वर आहे. छोट्या दगडाला 1 करिंथ 15:55 बरं : ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ ‘मृत्यू’ऐवजी ‘प्रभूमध्ये निजले’ हवं असेल तर आधीच सांगा, त्यांचा साचा ठरलेला आहे.

बसवणी हीच कच्ची बाजू. मातीवर थेट दगड ठेवून देतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दगड कलतो. एक पावसाळा जाऊ द्या, मुरूम ठोकून काँक्रीटचा थर स्वतः उभं राहून घालून घ्या. पाय पूर्वेकडे असण्याची जुनी रीत पाळायची असेल तर मजकुराची दिशाही तेव्हाच ठरवा.