बोलणाऱ्या डब्याचे भाडे: उदगीरच्या किराणा दुकानातून साउंडबॉक्सचे परीक्षण

उदगीरला मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आमचे किराणा दुकान आहे. गल्ल्याच्या एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि त्यांच्या मधल्या वीतभर जागेत गेली तीन वर्षे एक साउंडबॉक्स बसलेला आहे. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले की हा डबा रक्कम मोठ्याने सांगतो. त्याचे काम एवढेच आहे आणि त्यासाठी आम्ही दरमहा १०० रुपये भाडे व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ रुपये मोजतो. वर्षाचे १,४१६ रुपये होतात. एवढ्या पैशांत हा डबा नेमके काय देतो आणि आपल्याकडून काय घेतो, हे तीन वर्षांच्या अनुभवावरून लिहावेसे वाटले. आमच्या डब्यामागच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आसपासच्या दुकानदारांशी बोलल्यावर असे दिसते की रंग आणि आवाज वेगळे असले तरी बहुतेकांचे अनुभव सारखेच आहेत.

डबा येण्यापूर्वी दुकानात नुसता क्यूआर कोड चिकटवलेला होता. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा गल्ल्यावर बसणाऱ्या अण्णांसमोर धरायचे, अण्णा चष्मा कपाळावरून खाली ओढून हिरवी खूण पाहायचे आणि मान हलवायचे. बँकेचा मेसेज आला की नाही, हे दुपारी गर्दी ओसरल्यावर कळत असे. ही हिरवी खूण बनवून दाखवणारी बनावट ॲप बाजारात आहेत, हे आम्हाला फार उशिरा समजले. डबा बसवल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात दोन तरुण तेलाचे पाउच, साखर आणि काजूचे पाकीट असा ६४० रुपयांचा माल घेऊन उभे होते. पडद्यावर खूण होती, रक्कम बरोबर होती, दुकानाचे नावही होते. डबा मात्र गप्प होता. अण्णा माल हातातून न सोडता एवढेच म्हणाले, "डबा बोलू द्या, मग न्या." पाच मिनिटांत पोरे "घरून रोख आणतो" म्हणून गेली आणि परत आली नाहीत. त्या एका दिवसात पाच महिन्यांचे भाडे वसूल झाले, असे अण्णा अजून सांगतात. आमच्या कोडवर कोणी स्वतःचा कोड चिकटवून गेला, तरी डबा बोलणार नाही आणि फसवणूक पहिल्याच गिऱ्हाइकाला उघडी पडेल, हाही त्याचा एक फायदा आहे.

मात्र याच गुणातून त्याचा सर्वांत मोठा दोष निघतो. आमचा डबा दुकानाच्या वायफायवर किंवा आपल्या मोबाइलवर चालत नाही. त्याच्या पोटात स्वतःचे सिमकार्ड असते. पैसे बँकांच्या पातळीवर जमा झाले की त्याची खबर कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून मोबाइल नेटवर्कवरून डब्याकडे येते. आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा ते तीन या वेळात, आमच्या रस्त्यावर नेटवर्क इतके मंदावते की पैसे खात्यात गेलेले असतात आणि डब्याला त्याचा पत्ता नसतो. मागच्या दिवाळीआधी देवणीकडचे एक वयस्कर शेतकरी सोयाबीनची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) घेऊन आले होते. त्यांनी महिन्याचा किराणा भरला, नातवाकडून फोनवर पैसे पाठवले आणि डबा बोलेना. रांग वाढली, मागचे लोक कुरकुरू लागले. मामा शेवटी म्हणाले, "तीस वर्षं झाली तुमच्याकडून माल नेतोय, उधारी कधी बुडवली का? आता या डब्याची साक्ष पाहिजे व्हय?" अण्णांनी हात जोडून माल गाडीवर चढवला. अर्ध्या तासाने, दुसऱ्या कोणाच्या तरी चहापत्तीचे पैसे मोजत असताना, डब्याने मामांचे २,३७५ रुपये जाहीर केले. ज्या गिऱ्हाइकाची उधारी वहीत विश्वासाने लिहिली जाते, त्याला यंत्राच्या हवाल्यावर थांबवणे आम्हाला जमले नाही आणि जमावे असेही वाटत नाही. त्यामुळे आता ओळखीच्या माणसासाठी डब्याची वाट पाहायची नाही, असा आमच्या दुकानाचा नियम आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात हा नियम सापडणार नाही.

आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण विकत घेतली जाणारी वस्तू तीच आहे. गल्लीतल्या दुचाकींच्या आणि समोरच्या गिरणीच्या आवाजातही आमचा डबा स्पष्ट ऐकू येतो, याबद्दल तक्रार नाही. भाषा ॲपमधून बदलता येते. आम्ही मराठी ठेवली आहे. डबा "रुपये प्राप्त झाले" असे म्हणतो. उदगीरच्या बाजारात पैसे मिळतात, येतात किंवा पडतात, प्राप्त होताना कोणाचे ऐकलेले नाही, पण त्याची आता सवय झाली आहे. खरी गंमत आकड्यांची आहे. मराठीत एक ते शंभर बहुतेक प्रत्येक आकड्याला आपला स्वतंत्र शब्द आहे आणि डबा ते सगळे शुद्ध उच्चारतो. ६९ म्हणजे एकोणसत्तर हे इंग्रजी माध्यमातल्या पोरांना चटकन उमगत नाही, "काका, किती म्हणाला तो?" असे ती मलाच विचारतात. कर्नाटकातल्या औराद, भालकी या बाजूने येणाऱ्या कन्नड गिऱ्हाइकांची अडचण आणखी वेगळी असते. त्यांच्या भाषेत ६९ हे साठ आणि नऊ असे जुळते, आपल्याकडे सत्तराला एक कमी. त्यामुळे आमच्या डब्याने एकोणसत्तर म्हटले की काहींना सत्तर गेल्यासारखे वाटते आणि वाद सुरू होतो. एका रकमेनंतर लगेच दुसऱ्या भाषेत तीच रक्कम सांगण्याची सोय असती, तर सीमेवरच्या गावांना तिचा फार उपयोग झाला असता. आमच्या डब्यात ती नाही. त्यावर रकमेचा छोटा पडदाही नाही. नव्या डब्यांपैकी काहींवर तो असतो, आणि घेणाऱ्याने तोच घ्यावा असे मी सुचवीन.

बांधणी ठीक आहे. वीज गेली तरी बॅटरीवर आमचा डबा दोन-तीन दिवस चालतो, आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही. जाळीत पीठ आणि तिखटाची पूड बसून आवाज घोगरा होतो. दातांच्या जुन्या ब्रशने पंधरा दिवसांतून एकदा झाडले की पूर्ववत होतो.

आता भाड्याकडे वळतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि १ जानेवारी २०२० पासून त्यावरचे व्यापारी शुल्क सरकारने शून्य केले. कार्डावर पैसे घेतले की व्यापाऱ्याला काही टक्के सोडावे लागत. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर ते सोडावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, आणि तरीही दुकानदाराकडून बँक खात्यातून आलेल्या व्यवहारामागे एक पैसा घेण्याची मुभा या कंपन्यांना नाही. सरकार प्रोत्साहन म्हणून काही देते: २०२४-२५ साठी १,५०० कोटी रुपयांची योजना होती, त्यात लहान व्यापाऱ्याच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या साखर-चहापत्तीमागे १५ पैसे, आणि तेही बँका व ॲपवाल्यांत वाटून घ्यायचे. शिवाय गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये देशभर मुख्यतः फोनपे आणि गुगल पे ही दोनच ॲप आहेत. पाचपैकी चार व्यवहार त्यांच्यावरून होतात. अशा स्थितीत गल्ल्यावरची वीतभर जागा ही कंपन्यांसाठी हमखास भाडे देणारी जागा ठरली. पेटीएमने हा डबा आधी आणला, मग फोनपे, भारतपे आणि बँकाही त्यात उतरल्या. हा हिशेब समजल्यावर ११८ रुपयांचा राग येत नाही. फुकट रस्त्यावरचा हा टोल आहे आणि तो टक्केवारीने न घेता ठरावीक रकमेने घेतला जातो, म्हणून महिन्याला लाख-दीड लाखाची ऑनलाइन विक्री असलेल्या दुकानाला तो स्वस्त पडतो. दिवसाला पाच-सहाच व्यवहार होणाऱ्या शिंप्याने किंवा पंक्चरवाल्याने मात्र तो घेण्यापूर्वी विचार करावा. त्याच्याकडे रांग नसते आणि मेसेज पाहायला वेळ असतो.

राग आला तो दुसऱ्या डब्याचा. क्यूआर कोड आता सामायिक आहे, कोणत्याही कंपनीचा कोड कोणत्याही ॲपने स्कॅन होतो. परंतु डबा फक्त आपल्या कंपनीच्या कोडवर आलेल्या पैशांनाच ओळखतो. म्हणून ज्यांनी तीन कोड लावले, त्यांच्याकडे तीन डबे एकमेकांवर ओरडत असतात. आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या कंपनीचा मुलगा आला, "एक रुपयात डबा, भाडं काहीच नाही, अण्णा" म्हणाला, अण्णांच्या मोबाइलवर स्वतःच बटणे दाबली आणि डबा ठेवून गेला. तीन महिने खरोखर काही कापले गेले नाही. चौथ्या महिन्यापासून १२५ रुपये जाऊ लागले. त्या मुलाचा फोन बंद, ॲपमधली तक्रार दोन दिवसांत "निराकरण झाले" म्हणून बंद, आणि डबा परत न्यायला कोणी तयार नाही. मी बँकेच्या ॲपमधून ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, परवानगी रद्द केली, तर भाडे थेट दिवसाच्या जमा रकमेतून वळते होऊ लागले; म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेले पैसे आमच्या खात्यात येण्यापूर्वीच त्यातून कात्री लागत होती. शेवटी त्या कंपनीचा कोडच भिंतीवरून खरवडून काढला. जमा होणे थांबले, तेव्हा कापणे थांबले.

जमा रक्कम कंपनीच्या हातून येते, हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. अण्णांच्या स्वतःच्या नंबरावर कोणी पैसे पाठवले तर ते क्षणात खात्यात दिसतात. डब्याच्या कोडवरचे पैसे आमच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी एकत्र येतात. पहाटे मोंढ्यात माल उचलायला जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. मार्च २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे पेटीएम पेमेंट्स बँकेत जमा खाते असलेल्या दुकानदारांना ते दुसऱ्या बँकेत न्यावे लागले, तेव्हा डबा, कोड आणि खाते या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या गल्लीत अनेकांना प्रथमच कळले.

जमा रकमेवर हात असला की कर्ज देणे सोपे होते. आमची रोजची विक्री किती, कोणत्या दिवशी वाढते, कोणत्या महिन्यात पडते, हे डब्यामागच्या कंपनीला अण्णांच्या वहीपेक्षा चांगले ठाऊक आहे. वर्ष पूर्ण होताच फोन सुरू झाले: दोन लाख मंजूर आहेत, कागद नको, जामीनदार नको, हप्ता रोजच्या विक्रीतून आपोआप जाईल. आमच्याकडे पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी शंभर रुपये घेऊन जातो आणि वर्षअखेरीस ते आपलेच असतात. इथे रोजची वसुली तशीच होते, पण पैसा उलट दिशेने जातो. शेजारच्या दुकानदाराने घेतले, त्याची गरज भागली आणि त्याने ते फेडलेही. पण पोळ्याच्या आठवड्यात विक्री पडली तेव्हा हप्ता काही कमी झाला नाही, असे तो सांगतो. आम्ही घेतले नाही. दर आठवड्याला येणारा तो फोन मात्र भाड्यातच धरावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून हजारो लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बंगळुरूत कित्येकांनी "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या, आणि ती चर्चा बिदरमार्गे दोन दिवसांत आमच्या मोंढ्यात पोहोचली. काहींनी भीतीने डबा झाकून ठेवला. वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, आणि नोंद डबा ठेवत नाही, बँक आणि कंपनी ठेवते. डब्यावर फडके टाकून काही साधत नाही, एवढे मी त्यांना सांगितले. दोघांनी फडके काढले.

थोडक्यात विचाराल तर गर्दीच्या दुकानासाठी हा डबा घ्यावा, एकच घ्यावा, आणि शक्यतो आपले खाते ज्या बँकेत आहे तिच्याकडून मिळतो का ते आधी विचारावे. घेताना भाडे किती, कोणत्या महिन्यापासून, ते खात्यातून जाणार की जमेतून आणि डबा परत कुठे द्यायचा, हे त्या मुलाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे, आणि आपला मोबाइल त्याच्या हातात देऊ नये. पाच गुणांपैकी पहिल्या डब्याला मी साडेतीन देईन. दुसरा डबा अजून गल्ल्याखालच्या खणात पडून आहे. अधूनमधून त्याची बॅटरी संपत आल्याचा इशारा पोत्यांआडून ऐकू यायचा, तोही गेल्या आषाढापासून बंद झाला.