उच्चारसुधारणेचा घरगुती संच: कार्डं घ्या, शिट्ट्या राहू द्या

लहान मुलांचे उच्चार सुधारण्यासाठी म्हणून जे संच विकले जातात, त्यांत साधारण पाच गोष्टी सापडतात: चित्रकार्डं, आरसा, फुंकायच्या शिट्ट्या-नळ्या, फाशांचा खेळ आणि एखादं अ‍ॅप. खोक्यावर या सगळ्यांना सारखंच महत्त्व दिलेलं असतं. प्रत्यक्षात घरच्या सरावाचा बहुतेक भार कार्डंच उचलतात. आरसा काही ध्वनींपुरता कामाचा आहे, आणि शिट्ट्यांसाठी पैसे देण्याचं कारण नाही.

कार्डं घेताना पहिली फसगत होते ती 'क कमळाचा' पद्धतीच्या गठ्ठ्यात. तो अक्षरओळखीसाठी असतो. त्यात एका व्यंजनाला एकच शब्द मिळतो, आणि ण, ळ सोडले तर ध्वनी नेहमी शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. शिवाय 'कमळ'मध्ये ळ आहे. क साठी धडपडणाऱ्या मुलाला ळ बहुधा आलेला नसतो, त्यामुळे क चांगला निघूनही शब्द चुकतो आणि मूल हिरमुसतं. उच्चाराच्या कार्डांत तोच ध्वनी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी हवा (कान, वाका, नाक), आणि शब्दातले बाकीचे ध्वनी मुलाला आधीच येणारे हवेत.

दुसरी अडचण इंग्रजीवरून उतरवलेल्या संचांची. चित्रं तीच राहतात, नावं बदलतात. मग स च्या गठ्ठ्यात मोजा (सॉक) आणि चमचा (स्पून) येऊन बसतात. अशा संचांत ट-ठ-ड-ढ-ण-ळ आणि ख, घ, थ, ध, भ यांना जागाच नसते. मराठी बोलणाऱ्या मुलाचं काम तर बऱ्याचदा तिथेच अडतं. विकत घेण्याआधी ळ आणि भ ची कार्डं आहेत का, एवढं पाहिलं तरी संच कोणी केला आहे ते कळतं.

सर्वात उपयोगी असतात ती जोडीशब्दांची कार्डं. फरक एकाच ध्वनीचा, अर्थ वेगळा, आणि दोन्हींचं चित्र काढता येईल असे शब्द. क चा त होत असेल तर कार-तार, काप-ताप. ग चा द होत असेल तर गाणे-दाणे, गोरा-दोरा. र चा ल होत असेल तर रस-लस, पार-पाल. ख चा क होत असेल तर खार-कार, ब चा प होत असेल तर बोट-पोट. एका वेळी एकाच फरकाच्या पाच-सहा जोड्या पुरतात. दोनशे कार्डांचा संच मोठा दिसतो, पण त्यात प्रत्येक ध्वनीच्या वाट्याला चारच शब्द आले तर तो कामाला येत नाही.

वापरायची रीत संचात क्वचितच नीट लिहिलेली असते. आधी मोठ्यांनी शब्द म्हणायचा आणि मुलाने योग्य कार्ड उचलायचं. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर उचललं, की मूल फरक ऐकतंय असं समजायचं. मग भूमिका उलट. समोर रस आणि लस अशी दोन कार्डं आहेत, मुलाला रस हवाय, पण तोंडातून 'लस' निघतं. मोठ्यांनी निमूटपणे लसीचं, म्हणजे इंजेक्शनचं, कार्ड हातात द्यायचं. मूल चित्राकडे बघतं, मान हलवतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. 'चुकलं' हा शब्द कोणी उच्चारलेला नसतो, तरी आपल्या बोलण्याने अर्थ बदलला हे त्याला समजतं. तरीही र निघत नसेल तर जीभ कुठे न्यायची ते दाखवायचं. रागावून तेच तेच म्हणवून घ्यायचं नाही.

ही पद्धत एका ध्वनीच्या जागी ठरावीक दुसरा ध्वनी येतो तेव्हा लागू पडते. स म्हणताना जीभ दातांबाहेर येते किंवा हवा गालांकडून निसटते, तिथे जोडीशब्दांचा उपयोग थोडा. मुलाला फरक ठाऊक असतो, जिभेची सवय मात्र वेगळी बसलेली असते. तिथे सुटा ध्वनी, मग सा-सी-सू, आस, आसा, मग शब्द, छोटा वाक्यांश, वाक्य आणि शेवटी गप्पा, अशी पायरीपायरीने चढण लागते. दोन-तीन बैठकांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास बरोबर आलं की पुढची पायरी घ्यावी. संचाबरोबर येणाऱ्या बऱ्याच पुस्तिका 'सा सा सा' पासून सुरू करतात. त्याऐवजी स्वर न लावता लांब 'स्स्स्' काढून घ्यावा, नाहीतर जुनी चुकीची सवय स्वराच्या आधाराने लगेच परत येते.

आरसा हातात धरायचा नको, उभा राहणारा हवा, आणि त्यात दोन चेहरे मावायला हवेत. मूल आणि मोठं माणूस शेजारी-शेजारी बसून एकाच आरशात बघतात, तेव्हा नक्कल सोपी जाते. त, ल, प, व यांना त्याचा चांगला फायदा होतो. क आणि ग ला जवळजवळ नाही, कारण तिथे जिभेची मागची बाजू उचलली जाते आणि ती दिसत नाही.

आता शिट्ट्या, नळ्या, फुगे, चावायचे रबरी तुकडे. 'जिभेचे स्नायू बळकट होतात' हा दावा ऐकायला पटतो. पण बोलताना जीभ आणि ओठ आपल्या ताकदीचा लहानसाच भाग वापरतात, आणि बहुतेक उच्चारदोषांत स्नायू कमजोर नसतातच. स ला जिभेच्या मधोमध बारीक खोबण लागते. फुंकताना ओठ गोल होतात आणि जिभेला असलं काही करावं लागत नाही. मूल शिट्टीत तरबेज होतं, स जिथल्या तिथे राहतो. २००९ मध्ये अशा व्यायामांवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हाही त्यांनी उच्चार सुधारतात असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. टाळूच्या फटीमुळे बोलताना हवा नाकातून जात असेल, तर फुंकण्याने ती थांबत नाही. तिथे शल्यचिकित्सक आणि स्पीच थेरपिस्ट दोघेही लागतात. मज्जासंस्थेमुळे स्नायूंत खरोखरच कमजोरी असेल तर व्यायाम द्यायचा का, कोणता, हे थेरपिस्टने तपासून ठरवायचं.

फाशांच्या खेळात मुलं रमतात. त्रुटी एकच: दहा मिनिटांत बोलणं जेमतेम पंधरा वेळा होतं. उच्चार बसायला आवृत्ती लागते, अर्ध्या तासात निदान पन्नास वेळा. म्हणून फासा टाकण्याआधी शब्द पाच वेळा म्हणायचा, असा नियम घालावा.

अ‍ॅपमधली 'बरोबर-चूक' सांगणारी सोय बंद ठेवलेली बरी. बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणा संदर्भावरून अंदाज बांधतात. समोर कारचं चित्र असलं की 'तार'ही बरोबर ठरू शकतं, आणि चांगला आलेला र नाकारला जाऊ शकतो. ध्वनिमुद्रणाची सोय मात्र खरी कामाची. तेच वीस शब्द महिन्यातून एकदा, शांत खोलीत, फोन वीतभर अंतरावर ठेवून मुद्रित करावेत. रोज ऐकणाऱ्या कानाला प्रगती कळत नाही. दोन मुद्रणं शेजारी ठेवून ऐकली की कळते.

पुस्तिकेबद्दल तक्रार अशी की संच कोणासाठी नाही, हे तिच्यात बहुधा नसतं. श्रवणचाचणी झालेली नसेल तर आधी ती करा. कानात पाणी साचून येणारी सौम्य बधिरता घरात लक्षातही येत नाही. तोच शब्द दर वेळी वेगळा चुकत असेल, स्वरही बिघडत असतील, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मूल अडकत असेल किंवा आधी येणारं बोलणं कमी होत असेल, तर कार्डं बाजूला ठेवून थेरपिस्टकडे जावं. कोणता ध्वनी कोणत्या वयापर्यंत यावा हे सांगणाऱ्या तक्त्यांना घाबरू नये, पण त्यांच्याकडे दुर्लक्षही करू नये. शॅरीन मॅक्लाउड आणि कॅथरिन क्रो या संशोधकांनी २०१८ मध्ये २७ भाषांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पाच वर्षांपर्यंत मुलांना बहुतेक व्यंजनं येतात असं दिसलं. पुस्तिकेतल्या प्रश्नावलीपेक्षा मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांची २०१२ ची 'इंटेलिजिबिलिटी इन कॉन्टेक्स्ट स्केल' कितीतरी बरी, आणि ती मोफत आहे. सातच प्रश्न: मुलाचं बोलणं तुम्हाला, घरच्यांना, इतर नातेवाइकांना, मित्रांना, ओळखीच्यांना, शिक्षकांना आणि अनोळखी माणसांना किती कळतं. प्रत्येकाला एक ते पाच गुण. घरच्यांना पाच आणि अनोळखी माणसांना दोन मिळत असतील, तर मूल नीट बोलतंय असं घरच्यांना वाटण्याचं कारणही त्यातच दिसतं.

सरावाचं वेळापत्रक रोज दहा मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, असं ठेवावं. रविवारी एकदम एक तास बसवून तेवढा फायदा होत नाही. बाकी वेळी टोकणं बंद. मूल 'दाय आली' म्हणालं तर 'हो, गाय आली, केवढी मोठी गाय!' एवढंच म्हणावं आणि त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

काही संचांत शेवटी कोरी कार्डं दिलेली असतात. संच निवडताना ती असतील तर त्यालाच पसंती द्यावी. मुलाचं स्वतःचं नाव, भावंडाचं नाव, आवडत्या खेळण्याचं नाव त्यांवर यावं. दिवसभरात हेच शब्द सर्वात जास्त वेळा तोंडात येतात.